काल्हेरच्या खाडीत, पाणी फिरताना

अंजूरफाट्याकडून कशेळीकडे जाणारा रस्ता सकाळी साडेआठलाच तुंबलाय. कंटेनरच्या मागे कंटेनर. ड्रायव्हर खाली उतरून चहा पितायत. हॉर्न वाजवण्यात आता कुणालाच राम वाटत नाही. काल्हेरला दोन गोदामांच्या मधून एक वाट खाली उतरते. पत्र्याच्या भिंतीला हात लागला तर चटका बसतो. वैशाखाचं ऊन. थोडं पुढे गेलं की गोदामं संपतात, वारा लागतो आणि चिखलाचा वास येतो, खारट, किंचित कुजका. समोर खाडी.

खाडी म्हणजे या घटकेला चिखलच जास्त. ओहोटी तळाला गेलीय. काठापासून पाण्यापर्यंत करड्या गाळाचा चकचकीत उतार. त्यावर निवट्या उड्या मारतायत. तिवरांची मुळं गाळातून वर डोकावतायत आणि जवळजवळ प्रत्येक मुळाला प्लास्टिकची एकेक पिशवी अडकलीय. होड्या कलंडून पडल्यात, काही डाव्या अंगावर, काही उजव्या. पलीकडे ठाण्याच्या बाजूला उंच इमारतींची रांग, त्यांच्या मागे येऊरचे डोंगर उन्हात फिके पडलेले.

माणसं वाट बघतायत. एका ताडपत्रीखाली सात-आठ जण बसलेत. कुणी जाळ्याची फाटलेली घरं सांधतोय, कुणी नुसताच बसलाय. घाई कुणालाच नाही, कारण घाई करून उपयोग नाही. पाणी आल्याशिवाय होडी हलत नाही.

“अजून पानी फिरलं नाय,” एक म्हातारा तांडेल म्हणतो. मी न विचारताच.

ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला मेकॅनिकचा पसारा. लाकडी घोड्यावर एक आउटबोर्ड इंजिन उभं टांगलंय. खाली मातीत पाने, स्क्रू ड्रायव्हर, ग्रीसचा डबा, अर्धी कापलेली प्लास्टिकची कॅन. इंजिन 9.9 हॉर्सपॉवरचं. छोट्या होड्यांवर हीच ताकद जास्त दिसते. नवखा माणूस इथे येऊन पहिला प्रश्न विचारतो तो हाच: किती हॉर्सपॉवर? मेकॅनिक उत्तर देतो आणि मग मान न उचलता विचारतो, “होडी कोणती?” पुढची चौकशी सगळी होडीची. लांबी किती, तळ सपाट की निमुळता, माणसं किती बसणार, जाळं ओलं घेऊन येणार की नुसतं फिरायचंय. इंजिनाचा विषय शेवटी येतो.

मी चिखलाच्या कडेने खाली जातो. पाऊल घोट्यापर्यंत रुततं, ओढून काढलं की पचक आवाज येतो. एक फायबरची होडी अंगावर कलती केलीय आणि दोन पोरं तिचा तळ खरवडतायत. हातात पत्र्याचे तुकडे. तळावर आधी हिरवट बुळबुळीत शेवाळाचा थर, त्याखाली बार्नेकलची पांढरी कवचं. छोटी, टणक, कडा धारदार. पत्रा त्यांच्यावर घासला की कर्र असा आवाज येतो आणि चुरा पोरांच्या पायांवर सांडतो. एकाच्या बोटातून रक्त येतंय. तो बोट तोंडात घालतो आणि पुन्हा खरवडायला लागतो.

मी तळावरून हात फिरवून बघतो. खरवडलेला भाग गुळगुळीत. न खरवडलेला भाग तळहाताला बोचतो. हा खडबडीतपणा पाण्यातून जाताना प्रत्येक क्षणाला पाणी धरून ठेवतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, आणि होडी मात्र ढकलल्याशिवाय जात नाही. “दोन महिने पान्यात ठेवली,” मोठा पोरगा सांगतो. “बाबा बोलले इंजिन गेलं. मेकॅनिक बोलला इंजिनाला काय नाय झालं, खाली बघा.”

पाण्याजवळ लाकडाची एक जुनी होडी आहे. तिच्यात कालचं पाणी साचलेलं. म्हातारा तांडेल आता ताडपत्रीखालून उठून तिच्यात उतरलाय आणि कापलेल्या कॅनने पाणी उपसतोय. उपसतो, बाहेर टाकतो, पुन्हा वाकतो. तळातलं पाणी जेमतेम दोन इंच दिसतं. मनात हिशेब होतो: पाच मीटर लांब, मीटरभर रुंद, पाच सेंटिमीटर खोल. झालं 250 लिटर. म्हणजे 250 किलो. म्हणजे होडीत चार धडधाकट माणसं फुकट बसलीत आणि तीही स्वस्थ बसणारी नव्हेत. होडी पुढे झुकली की हे पाणी पुढे धावतं, वळली की कडेला. होडी जिकडे कलते तिकडेच ते तिला आणखी कलवतं. तांडेल शेवटचं पाणी फडक्याने टिपून घेतो. आधी मला ही जास्तीची टापटीप वाटली होती. आकडा मांडल्यावर तसं वाटत नाही.

साडेनऊ. ऊन आता डोक्यावर टोचतंय. ताडपत्रीखाली पाण्याची बाटली हातोहात फिरते. एक रिक्षा वाटेने मागे-मागे येते. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं आणखी एक इंजिन, शेजारी एक बाई ते धरून बसलेली. दोघं जण ते उचलून घोड्याजवळ आणतात. रांग लागते. आता मेकॅनिकपुढे दोन इंजिनं.

“काय झालं वहिनी?”

“ओरडतंय नुसतं. होडी जात नाय.”

मेकॅनिक पंख्याला हात घालतो. इथे प्रोपेलरला पंखाच म्हणतात. तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा. एका पात्याची कड दुमडलीय, दुसऱ्याचा टवका उडालाय. दगड, पुलाच्या कामाची सळई, बुडालेलं लाकूड, खाडीच्या तळाशी काय काय असेल सांगता येत नाही. तो पंख्याच्या मधल्या गोलावर अंगठा घासतो. काजळी जाते आणि आकडे दिसतात. पहिला आकडा व्यासाचा, इंचांत. दुसरा पिचचा. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसा हा पंखा एका फेऱ्यात कागदावर जेवढा पुढे जायला हवा, तो पिच. पिच आठ इंच म्हणजे एका फेऱ्याला आठ इंच. पण पाणी हे काही लाकूड नव्हे. ते निसटतं. भरलेल्या होडीला तर फारच निसटतं. पात्याची कड अशी दुमडली की आणखी निसटतं, पाण्यात बुडबुडे धरतात, इंजिन मोकळं होऊन ओरडायला लागतं आणि होडी जागच्या जागी. वहिनी म्हणाल्या ते नेमकं तेच.

पंखा निघतो. त्याच्यामागे शाफ्टभोवती नायलॉनचा दोर गुंडाळलेला. दोर कसला, जाळ्याचा बारीक पारदर्शक धागा, आवळून आवळून काचेइतका कडक झालेला. मेकॅनिक ब्लेडने तो कापतो, चिमट्याने एकेक वेढा सोडवतो. चेहरा गंभीर. मग खालचा स्क्रू काढून गिअरचं तेल कॅनमध्ये सोडतो. तेल काळपट यायला हवं. येतं ते पांढरट, दुधट. धाग्याने ऑइल सील कापलं, सीलमधून खाडीचं पाणी आत गेलं, तेलात मिसळलं. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर आतले दात गंजून गेले असते. वहिनी ते तेल बघतात. काही बोलत नाहीत. मग विचारतात, “किती होतील?”

मेकॅनिक आकडा सांगतो. त्या पदर डोक्यावर ओढून तिथेच मातीत बसतात. त्यांचा नंबर दुसरा आहे. सील आणायला पोरगा भिवंडीत जाणार, रस्त्यावरच्या त्या कंटेनरांच्या रांगेतून परत येणार. तोवर बसायचं. त्या रोज जाळं टाकणाऱ्या घरच्या आहेत, होडी बंद म्हणजे चूल बंद. आणि ज्या धाग्याने हे केलं तो कुणीतरी फाटलं म्हणून पाण्यात टाकून दिलेल्या जाळ्याचा आहे.

दहा वाजून गेल्यावर कुणीतरी म्हणतं, “फिरलं.” मला काहीच दिसत नाही. मग बोट दाखवल्यावर दिसतं. पाण्याच्या मध्यावर फेसाची एक रेघ होती, वसईकडे सरकत होती. ती थांबलीय. थोडा वेळ तिथेच रेंगाळते. आणि मग कशेळीकडे, उलट, वर सरकायला लागते.

आज वद्य तृतीया. तांडेल बोटांवर हिशेब करून दाखवतो. तिथीची पाऊणपट करायची. तीनची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला मुंबईला भरती पुरी. इथे खाडीत आत असल्यामुळे त्याहून उशिरा. उद्या चतुर्थी, उद्या तीन. रोज पाऊण तास पुढे. अष्टमीला सहा. कोकणपट्टीत सगळीकडे हाच पाढा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार, आणि चढता-उतरता धावतंही जोरात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त. होडी किती वेगाने जाणार, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इंजिनाच्या झाकणावर नसून पंचांगात आहे.

गाळावर पाणी चढायला लागतं. हळूहळू, पण डोळ्यांदेखत. आधी घळींमधून जिभा आत येतात. निवट्या मागे हटतात. मग कलंडलेल्या होड्यांच्या पोटाखाली चकाकतं. एक होडी हलते, डुलते, सरळ होते. मग दुसरी. खरवडलेली होडी तरंगते तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात.

साडेअकराला आम्ही निघतो. तांडेल, त्याचा पुतण्या, खताच्या दोन गोणी, बाळकुमच्या बाजूला उतरणारे दोघं आणि मी. मी सवयीने पुढे नाळेवर जाऊन बसतो, समोरचं दिसतं म्हणून. तांडेल इंजिनाची दोरी ओढण्याआधी एकदा सगळ्यांकडे बघतो.

“भाऊ, मधी या. गोनी मागं नको, मधी सरकव रे.”

सगळे सरकतात. त्याने लगेच काही सांगितलं नाही, पण पाण्यात गेल्यावर कळतं. पुतण्या मध्येच उठून मागे त्याच्याजवळ जातो, तशी होडीची नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो, आणि मागे उठणारी लाट एकदम फुगते. पुढे फारसं सरकत नाही, पाणीच उपसलं जातं. तो परत मध्ये येतो. होडी सपाट होते, इंजिनाचा आवाज मोकळा होतो, काठावरची तिवरं जरा लवकर मागे पडायला लागतात. एका माणसाच्या चार पावलांचा हा फरक. पुढे जास्त वजन गेलं तर उलटं होतं. नाळ पाण्यात घुसते, सुकाणू हलकं होऊन होडी भरकटते, आणि पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. मग आवाज मोठा, ताकद शून्य.

इंजिन मागच्या फळीला जिथे अडकवलंय तिथे भोकांची एक रांग आहे. त्यातल्या एका भोकात पिन. इंजिनाचा पाय किती तिरका हे ती पिन ठरवते. तांडेलने ती खालून दुसऱ्या भोकात ठेवलीय. “रिकामी असली की तिसऱ्यात,” तो सांगतो. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर पडतेय. तांडेल खाडीकडे बघतोय असं वाटतं, पण दर थोड्या वेळाने त्याची नजर त्या धारेवर जाते.

आम्ही पाण्याबरोबर चाललोय. कशेळीकडे, वरच्या अंगाला. भरती पाठीशी आहे आणि दुपारचा पश्चिमेचा वाराही नुकताच सुटायला लागलाय, तोही पाठीशी. म्हणून खाडी सपाट. संध्याकाळी ओहोटी लागेल तेव्हा हाच वारा पाण्याच्या तोंडावर येईल, आणि याच जागी आखूड, उभ्या लाटा उठतील. तेव्हा हीच होडी आपटत जाईल, तेव्हा थ्रॉटल उतरवावा लागेल.

डावीकडून एक हलकी, पांढरी फायबरची बोट येते. दोनच माणसं. मागे मोठं इंजिन. आधी तिची नाळ वर उठलेली असते, मग अचानक ती सपाट होते आणि पाण्याच्या वरून घसरत निघून जाते. क्षणात पुढे. तिची लाट येऊन आपटते, पाणी आत उडतं. पुतण्याच्या डोळ्यांत ती बोट भरलीय हे स्पष्ट दिसतं.

“काका, आपन पण पंचवीसचं बसवलं तर?”

“बसव. पुढं जाणार नाय, पेट्रोल जाईल.”

काका बरोबर आहेत. अशी जड, पाणी कापत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकलेली असते. वेग वाढला की लाट लांब होते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की नाळ एका शिखरावर आणि पाठ त्यामागच्या शिखरावर. त्यापुढे जायचं म्हणजे स्वतःची लाट चढून जायचं. पाण्याला टेकलेली लांबी 24 फूट असेल तर ही मर्यादा साधारण साडेसहा नॉटवर येते. ताशी बारा किलोमीटर. त्याआधीच इंजिन दम टाकायला लागतं, कारण वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने ताकद आठपट लागते. त्या पांढऱ्या बोटीचा तळ वेगळा, वजन वेगळं. ती लाट चढून वर बसते. गोणी आणि माणसं भरलेली ही होडी कधीच बसणार नाही. तिला मोठं इंजिन नकोच, कमी पिचचा पंखा हवा. पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे साधारण दीडशे-दोनशेने चढतात. इंजिन कुथत नाही, भार उचलतं. इतक्या स्वस्त बदलाने इतका फरक पडतो, आणि तरी अनेक जण कर्ज काढून इंजिन बदलतात. हे बघताना जीव तुटतो.

कशेळीचे पूल जवळ येतात. आधी वाहनांचे, त्यांच्याच अंगाने मेट्रोचा, उंच. वर रस्त्यावर गाड्या थांबलेल्या, त्यांच्या काचांवर ऊन. खाली आम्ही चालते. पुलाच्या खांबांमध्ये पाणी आवळतं. तिथे त्याचा वेग वाढतो, खांबाच्या मागे भोवरे फिरतात. तांडेल आधीपासूनच होडी दोन खांबांच्या बरोबर मध्यावर आणून ठेवतो. पुलाखाली एकदम सावली, एकदम गारवा, इंजिनाचा आवाज वरून परत येऊन दुप्पट होतो. एका खांबाला कचऱ्याचा तराफा अडकलाय. थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, चपला, एक गादी.

आणि धार थांबते.

मला कळायच्या आत तांडेलचा हात बटणावर गेलेला असतो. इंजिन बंद. एकदम शांतता, फक्त पाण्याची चुळचुळ. होडी प्रवाहाबरोबर वाहतेय. पुतण्या बांबू घेऊन खांबापासून तिला लांब ठेवतो. तांडेल इंजिन वर उचलतो. पाणी ओढायच्या जाळीवर एक पातळ पिशवी चिकटून बसलीय, दूध घेऊन येतो तसली. तो ती सोलून काढतो, आणि पाण्यात न टाकता पायाखाली ठेवतो. तिथे आधीच अशा चार-पाच आहेत. खाडीचं थंड पाणी आत ओढूनच हे इंजिन थंड राहतं. जाळी बंद झाली की काही मिनिटांत पाणी ओढणारा रबराचा पंखा जळतो, त्यानंतर इंजिन. पुन्हा दोरी ओढतो. एकदा, दोनदा. सुरू होतं. धार आधी थुंकते, मग लागते. सगळ्यांचे खांदे सैल होतात.

पावसाळ्यात त्रास वेगळा. तेव्हा कल्याणकडून उल्हास नदी जलपर्णी घेऊन येते, हिरवीगार बेटंच्या बेटं. ती पंख्यात अडकतात, होडी जागची हलत नाही, मग इंजिन उचलून हाताने देठ काढत बसायचं. खाऱ्या पाण्यात पोचल्यावर ती करपते, तपकिरी होते, कुजून तळाशी बसते. तेव्हा पाणीही गोडं असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, घनमीटरला 1000 किलो विरुद्ध 1025. तोच भार घेऊन होडी थोडी खोल बसते. पण तो फरक किरकोळ. खरा फरक प्रवाहाचा. ओहोटी लांबते, जोर धरते, भरती दुबळी होते, आणि कधी कधी वर चढायला नऊ हॉर्सपॉवर पुरेच ना.

बाळकुमच्या बाजूला दोघं उतरतात. गोणी उतरतात. होडी रिकामी झाल्यावर हातभर हलकी वाटते. तांडेल न विसरता पिन तिसऱ्या भोकात टाकतो.

परत जाताना पाणी तोंडावर. मध्यातून जायचं नाही, असं त्याचं गणित. मध्यावर प्रवाह सर्वांत जोरात, काठाशी मंद. समजा होडी शांत पाण्यात ताशी 10 किलोमीटर जाते आणि भरती ताशी 4 ने वाहतेय. पाच किलोमीटर अंतर पाण्याबरोबर एकवीस मिनिटांत. पाण्याविरुद्ध पन्नास मिनिटं, आणि पेट्रोलही त्याच हिशेबाने. इंजिन, होडी, तांडेल, सगळं तेच. म्हणून तो काठ धरतो. तिवरांच्या फांद्या जवळून जातात. एक खंड्या फांदीवरून सूर मारतो, काही न मिळता परत येऊन बसतो.

पण काठाशी खोली कमी. एका जागी इंजिनाचा आवाज बदलतो, जड होतो. मागे वळून बघतो तर आमच्या मागची लाट मोठी झालीय आणि रंगाने चॉकलेटी. होडीची पाठ खाली बसलीय. तळ आणि गाळ यांच्यामधून पाणी निघायला जागा नाही, म्हणून होडी खाली ओढली जातेय. मीटरभर पाण्यात कुठलीही लाट ताशी अकरा किलोमीटरच्या वर धावू शकत नाही. होडी त्या वेगाच्या जवळ आली की स्वतःच्याच लाटेला रेटत बसते. पुतण्याने बांबू टाकून बघितला: कमरेएवढं. तांडेल थ्रॉटल अर्ध्यावर आणतो. आवाज निम्मा होतो, आणि गंमत म्हणजे वेगात फारसा फरक पडत नाही. पाठ वर येते. पेट्रोल वाचतं.

थोडं पुढे बांबू पुन्हा टाकतो, आणि तो पूर्ण जातो, तळ लागतच नाही. इथे रेती उपसलीय. डुबी मारून हातपाटीने रेती काढणाऱ्यांच्या पिढ्या या खाडीने बघितल्या. मग सक्शन पंप आले, बार्ज आले, आणि तळाला खड्डे पडले. एकीकडे गाळाचे उंचवटे, एकीकडे विहिरी. काठ खचतात, तिवरं कलतात. पूर्वी वाट पाठ असायची, असं तांडेल म्हणतो. आता पाठ केलेली वाट पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

या पाण्यावर मोठमोठ्या गोष्टी तरंगल्यात. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर याच खाडीच्या आसऱ्याने आरमाराची पहिली गलबतं उभी राहिली. त्या गलबतांना इंजिन नव्हतं. वारा आणि हेच भरतीचं पाणी. 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदीसकट, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला. लांबी 145 किलोमीटर. वर पुलावर गाड्यांची रांग अजून तशीच उभी आहे. इथे पाण्यावर आम्ही आणि एक बगळा. या खाडीतून माणसांची रोजची ये-जा व्हायला हवी, आणि ती होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी नुसत्या मोठ्या बोटी आणून भागणार नाही. आधी खोली लागेल, सारखी राखलेली. वेळापत्रक पंचांगाशी जुळलेलं लागेल. आणि पाणी ओढणाऱ्या जाळीवर पिशवी येऊन चिकटणार नाही, इतकी तरी खाडी स्वच्छ लागेल. पिशवी छोट्या-मोठ्या इंजिनात भेद करत नाही.

धक्क्याला लागतो तेव्हा पाणी गाळ झाकून तिवरांच्या खोडांपर्यंत पोचलंय. सकाळी चिखलात पडलेल्या होड्या आता डौलात डुलतायत. ताडपत्रीखाली वहिनींचं इंजिन उघडं पडलंय, नवं सील आलंय, मेकॅनिक ते लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून बसवतोय. पंख्याची दुमडलेली कड हातोडीने सरळ करून कानशीने घासून झालीय. “हा चालेल तोवर चालवा,” तो सांगतो. “पण नवा घ्याल तेव्हा हाच आकडा घेऊ नका. एक इंच पिच कमी.” वहिनी पोराला तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवायला लावतात.

तांडेल इंजिन काढून खांद्यावर घेतो. निळ्या पिंपात गोडं पाणी भरलेलं आहे. इंजिनाचा पाय त्यात बुडवून तो ते सुरू करतो आणि खारं पाणी आतून धुऊन निघेपर्यंत चालू ठेवतो. पिंपातलं पाणी उकळल्यागत उसळतं. मीठ आत राहिलं तर पाण्याच्या वाटा बुजतात, आणि मग खाडी कितीही थंड असो, इंजिन तापतंच.

वाटेवरून एक तरुण मोटरसायकलवर येतो. शर्ट इस्त्रीचा, हातात इंजिनाचं रंगीत माहितीपत्रक. खारबावकडे होडी घेतलीय म्हणतो, लोकांना फिरवायला.

“पंचवीसचं घेऊ का चाळीसचं?”

मेकॅनिक हात पुसतो. माहितीपत्रक हातात घेतो, बघतो, घडी करून परत देतो.

“होडी कुठंय?”

“पाण्यात. बांधून ठेवलीय.”

“उद्या ओहोटीला गाळावर लावून ठेव. मी येतो. आधी तिचा तळ बघू.”

तरुण घड्याळाकडे बघतो. “उद्या किती वाजता?”

पिंपाजवळून तांडेल बोलतो, “आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा.” आणि वहिनी आपलं इंजिन उचलायला चौघांना हाक मारतात.